नामदार गोखल्यांची कसोटी

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, अंदाजपत्रकावरची चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. वित्त सदस्य सर एडवर्ड लॉ यांच्या हिशोबात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि तिच्याबद्दल त्यांचे अभिनंदनही होऊन गेले होते. त्यानंतर फर्ग्युसन कॉलेजातले पस्तीस वर्षांचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उठले. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. देश दुष्काळाने आणि प्लेगने पिचून निघत असताना सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष पैसा उरतो आहे, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काही मेळच राहिलेला नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

एवढे तर कोणीही संतापून बोलला असता. गोखल्यांनी ही शिल्लक आली कुठून ते उलगडून दाखवले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात मोठी रक्कम पाठवावी लागे. निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, लष्कराचा खर्च असे सगळे त्यात येई आणि ते पौंडांत द्यावे लागे. चांदी स्वस्त होत गेली तसा चांदीचा रुपया घसरत गेला, त्याच देण्यासाठी जास्त रुपये लागू लागले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात आणि पुढे एकेक कर वाढत गेला. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांचा अडीच रुपये झाला तो याच कारणाने. पुढे १८९३ साली लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले, रुपया सावरू लागला आणि तेरा पेन्सांवर आलेला भाव चार-पाच वर्षांत सोळा पेन्सांवर गेला. इंग्लंडला पैसे पाठवण्यात सरकारचे वर्षाला चार-पाच कोटी वाचू लागले. म्हणजे ज्या अडचणीसाठी कर बसवले ती अडचण संपली होती, कर मात्र तसेच राहिले होते. सात कोटींची शिल्लक ही कारभाराच्या हुशारीची खूण नव्हती. गरिबाच्या मिठातून गरजेपेक्षा जास्त वसूल झालेला तो पैसा होता, आणि तो लोकांना परत मिळायला हवा होता.

हे भाषण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेच्या पुस्तकात गोखले दोन ओळींत संपतात: मवाळांचे पुढारी आणि गांधीजींचे राजकीय गुरू. तालुक्याच्या वाचनालयात त्यांच्या भाषणांचे जाड खंड होते आणि त्यांतले पहिलेच भाषण हे. दिवसभर मुलांना गणित शिकवून आल्यावर रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांचे आकडे मांडून बघायची. विरोधकाने आपल्या हिशोबात एक पैही सापडू नये अशा बेताने हा माणूस बोलतो, हे तेव्हा ध्यानात आले. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. गोखल्यांची ती प्रसिद्ध काटेकोर वृत्ती, स्वतःकडून आणि इतरांकडून त्यांनी ठेवलेल्या त्या कठोर अपेक्षा, हा नुसता स्वभाव नव्हता. ज्यांना त्या सभागृहात जागा नव्हती त्यांच्या वतीने ते बोलत होते, आणि आपली चूक झाली तर तिची किंमत आपण देणार नसून ते देणार आहेत, याची जाणीव त्या काटेकोरपणाच्या मुळाशी होती.

हे वळण त्यांना लागले रानड्यांकडून. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला ९ मे १८६६ रोजी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच वडिलांना मुकला. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडले. आठ रुपयांत महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याला पैशाचा हिशोब कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवताना त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक कितीतरी वर्षे शाळांतून चालले. पण सरकारी अहवाल कसे वाचायचे, एका तक्त्याला दुसऱ्या तक्त्याशी कसे भिडवायचे, एखादा अर्ज दहा वेळा फाडून अकराव्यांदा कसा लिहायचा, हे त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेचे काम करताना गोखल्यांनी एकदा त्यांना विचारले की, आपण इतक्या मेहनतीने लिहिलेल्या अर्जांना सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग एवढे कष्ट कशाला घ्यायचे? रानड्यांचे उत्तर गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. हे अर्ज नावाला सरकारसाठी असतात, खरे तर ते लोकांसाठी असतात. अशा प्रश्नांचा विचार कसा करायचा हे लोकांनी शिकावे म्हणून ते लिहायचे, आणि दुसऱ्या कुठल्याही फळाची आशा न धरता पुष्कळ वर्षे लिहीत राहायचे, कारण या प्रकारचे राजकारण या देशाला अगदी नवीन आहे. गोखल्यांचे पुढचे सगळे आयुष्य या एका उत्तरावर उभे आहे असे मला वाटते.

या शिस्तीची सर्वांत कडक परीक्षा १८९७ साली झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले तेव्हा इंग्लंडला गेले होते. साक्ष उत्तम झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, घरांची झडती घेणाऱ्या गोऱ्या सैनिकांबद्दल भयंकर बातम्या पत्रांतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या, आणि स्त्रियांवरच्या अत्याचाराचा एक आरोप त्यांनी तिथल्या वृत्तपत्रापुढे जाहीरपणे केला. त्याआधीच, २२ जूनला, पुण्यातले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि वातावरण पेटलेले होते. सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात ढकलणे होते, आणि नावांशिवाय पुरावा उभा राहत नव्हता. परत आल्यावर गोखल्यांनी कोणतीही अट न घालता, सैनिकांसह सर्वांची, जाहीर माफी मागितली. त्याबद्दल देशात त्यांच्यावर जी टीका झाली ती फार बोचरी होती. भेकड म्हणून त्यांची संभावना झाली. माफीत त्यांनी अंमळ जास्तच वाकून दाखवले असे मलाही वाटते, कारण प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यातल्या लोकांनी जे भोगले ते काही कल्पित नव्हते. पण जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, ही गोष्ट त्यांना शत्रूच्या टीकेपेक्षा जास्त लागली हे उघड आहे. त्यानंतरच्या अठरा वर्षांत त्यांच्या आकड्यांवर बोट ठेवण्याची संधी त्यांनी फारशी कोणाला दिली नाही.

मिठाच्या कराचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. १८९० सालच्या काँग्रेस अधिवेशनापासून ते या करावर बोलत आले होते आणि कायदेमंडळात गेल्यावर दर मार्चला त्यांनी हा विषय सोडला नाही. कर वाढल्यापासून मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, म्हणजे गरीब माणूस मीठसुद्धा बेताने खातो आहे. कर उतरवा, खप वाढेल आणि तिजोरीचे नुकसान थोडक्यात भरून निघेल, अशी त्यांची मांडणी होती. १९०३ मध्ये अडीचाचे दोन रुपये झाले, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. ही एकट्या गोखल्यांची करामत असे म्हणणे बरोबर होणार नाही, तिजोरी भरलेली होतीच. परंतु भरलेली तिजोरी लष्कराकडे आणि रेल्वेकडे वळवायला तयार असलेले हात पुष्कळ होते, आणि तिच्यावर मीठ खाणाऱ्याचा पहिला हक्क आहे हे दरसाल पुराव्यानिशी सांगणारा माणूस त्या सभागृहात असणे याला मोल होते.

इतरांकडून ते काय मागत हे पाहायचे तर त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे नियम वाचावेत. १२ जून १९०५ रोजी पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर, द्रविड, देवधर आणि पटवर्धन या तिघांना त्यांनी दीक्षा दिली. शपथा सात होत्या. देशाचा विचार पहिला, आणि जे उत्तम असेल ते देशाला; देशसेवेतून स्वतःचा लाभ पाहायचा नाही; जात-धर्म न पाहता सर्वांच्या उन्नतीसाठी झटायचे; समाज जी तजवीज करील तीत कुटुंबासह समाधान मानायचे आणि जास्त पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही; खासगी आयुष्य निर्मळ ठेवायचे; कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही; आणि समाजाच्या हिताला जपायचे. या शपथांपेक्षाही मला त्यांच्या पुढची अट जास्त महत्त्वाची वाटते. नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची, आणि ती अभ्यासात आणि देशभर हिंडून लोकांची स्थिती पाहण्यात घालवायची. आधी माहिती, मग मत. उत्साही पदवीधर तरुणाला पाच वर्षे थांबायला सांगणे हे त्या स्वदेशीच्या धामधुमीत किती जणांना पटले असेल? फार थोड्यांना, आणि समाजाची सभासदसंख्या शेवटपर्यंत लहानच राहिली. गोखल्यांना ते चालत होते.

या कठोरपणात माणूस म्हणून ते कसे होते, हे सर्वांत चांगले कळते ते गांधीजींच्या आठवणींतून. १९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही सभेला जाण्यापूर्वी तिथल्या प्रश्नाचा तपशील त्यांना लेखी हवा असे. प्रिटोरियात तिथले पंतप्रधान जनरल बोथा आणि मंत्री स्मट्स यांची भेट ठरली, तेव्हा चारही वसाहतींतल्या हिंदी लोकांची अठरा वर्षांची कायदेशीर हकिगत त्यांनी गांधीजींकडून थोडक्यात लिहून घेतली, त्यावर प्रश्नांमागून प्रश्न विचारले, आणि सगळे आपल्याला नीट उमगले आहे याची खात्री होईपर्यंत झोपेची पर्वा केली नाही. त्या भेटीला गांधीजी बरोबर जाणार नव्हते. जे काही सांगायचे ते गोखल्यांना एकट्याला सांगायचे होते.

जोहान्सबर्गमधल्या मेजवानीच्या वेळची गोष्ट तर मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. त्या दिवशी ते चुरगळलेले होते आणि धोब्याकडे देऊन वेळेवर परत मिळण्यासारखे नव्हते. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. त्यावर गोखले म्हणाले की, तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीकामावर नाही. ते डागाळले म्हणजे? या उपरण्याचे मोल मला काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? आणि मग ते रानड्यांकडून कसे मिळाले ते त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले. गांधीजींनी हट्टाने इस्त्री केली आणि ती गोखल्यांच्या पसंतीला उतरली. शाबासकी मिळाली ती काम पाहून.

टॉलस्टॉय फार्मवर, म्हणजे गांधीजींच्या सत्याग्रहींच्या वस्तीवर, मात्र प्रसंग वेगळा घडला. लॉली स्टेशनपासून दीड मैल चालत जायचे होते, वाटेत पाऊस लागला आणि गोखल्यांना थंडी भरली. फार्मवर कोणाकडे खाट नव्हती, सगळे जमिनीवर झोपत. गांधीजींनी त्यांच्यासाठी खाट आणवण्याची आणि पाय चेपून देण्याची तयारी केली, तेव्हा गोखले रागावले. कष्ट सोसायला तुम्ही सगळे जन्माला आला आहात आणि आमच्यासारखे लाड करून घ्यायला, असा तुमचा समज दिसतो, असे त्यांनी सुनावले. अंगाला हात लावू दिला नाही आणि सगळ्यांसारखे जमिनीवर झोपले. जो नियम दुसऱ्यांना तो आपल्याला, ही त्यांची कसोटी आजारपणातही सुटली नाही. त्या रात्री आपल्याला किती वाईट वाटले ते गांधीजींनी लिहून ठेवले आहे.

आपल्या मराठीचा या प्रवासात जो भाग आहे तोही सांगते. एका ठिकाणी श्रोत्यांत कोकणी मुसलमान आणि इतर मराठी जाणणारे लोक होते. गांधीजींनी गोखल्यांना इंग्रजीऐवजी मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन म्हटले. तुमचे हिंदी मला ठाऊक आहे, आता मराठीचे भाषांतर करणार, एवढे मराठी तुम्ही शिकलात कुठे, असे म्हणून गोखले खळखळून हसले. पण मग ते मराठीत बोलले, आणि त्यानंतर थेट झांजिबारपर्यंत, जिथे जिथे अशी माणसे भेटली तिथे तिथे, मराठीतच बोलले.

या दौऱ्यात गोखल्यांचा एक अंदाज चुकला. बोथा-स्मट्स भेटीनंतर ते गांधीजींना म्हणाले की, सगळे ठरले आहे, हिंदी लोकांवर नोंदणीची सक्ती करणारा काळा कायदा जाईल, गिरमिटियांवरचा, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांवरचा, तीन पौंडांचा कर जाईल, आणि तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात परत आले पाहिजे. गांधीजींना ते खरे वाटत नव्हते, आणि १९१३ साली स्मट्सनी कर उठवण्याबाबत हात वर केले. समोरच्या माणसाने शब्द दिला म्हणजे तो पाळला जाईल, ही गोखल्यांच्या राजकारणाची कमकुवत बाजू होती. आपण जितके प्रामाणिक आहोत तितकेच राज्यकर्तेही असतील असे ते धरून चालत. लढा सुरू होणार असे कळल्यावर त्यांनी विचारले की, तुमच्या बाजूला तुरुंगात जायला तयार अशी माणसे नेमकी किती? गांधीजींनी नावे मोजून कळवले: जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट, कमीत कमी सोळा. प्रत्यक्षात नाताळ प्रांतातल्या खाणींतले आणि मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले. मग मात्र आजारी गोखल्यांनी हिंदुस्थानभर पैसे गोळा केले, अँड्र्यूज आणि पिअर्सन या दोन इंग्रजांना तिकडे पाठवले, आणि १९१४ साली तो कर गेला.

आणि ही कसोटी त्यांनी आपल्या समाजालाही लावली, हे विसरून चालणार नाही. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्यांच्या स्थितीवर बोलताना त्यांनी रानड्यांचीच एक आठवण सांगितली. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाचे वर्णन करता करता रानडे थांबले होते आणि आपण आपल्याच देशातल्या माणसांना कसे वागवतो असे त्यांनी श्रोत्यांना विचारले होते. गोखल्यांच्या मते हा प्रश्न टाळून हक्कांची भाषा करण्यात अर्थ नव्हता.

आता ज्या विषयामुळे गोखले माझ्या रोजच्या कामात आले त्याकडे येते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्या भाषणात एक यादी आहे. अमेरिकेत लोकसंख्येच्या २१ टक्के मुले प्राथमिक शाळेत, जपानात ११ टक्के, बडोदे संस्थानात ५ टक्के, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. बडोद्याचा आकडा त्यांनी मुद्दाम घातला होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. इंग्लंडात जमते ते इथल्या हवेत रुजणार नाही, या सबबीला बडोदे हे उत्तर होते.

विधेयक अतिशय सावध होते. सक्ती सरसकट नव्हती. ज्या नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत येत असतील तिनेच, तिची इच्छा असेल तर, सरकारच्या परवानगीने ती लागू करायची. वय सहा ते दहा. सुरुवात मुलांपासून, मुलींना मागाहून. ज्या पालकाची महिन्याची मिळकत दहा रुपयांहून कमी त्याला फी माफ. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलायचा. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करा असे स्पष्ट सांगितले होते. त्यापुढे गोखल्यांचे पाऊल लहान दिसते, आणि मुलींना मागे ठेवणे मला आजही खटकते. परंतु फुल्यांची मागणी निवेदनात राहिली होती. गोखले तिचा कायदा करू पाहत होते, आणि नाही म्हणायला सरकारला एकही वाजवी कारण उरू नये म्हणून त्यांनी ते विधेयक चारी बाजूंनी बांधून काढले होते.

मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. जीना आणि मालवीय त्यांच्या बाजूने बोलले. सरकारी सभासद विरोधात होते हे अपेक्षितच होते. अनेक हिंदी जमीनदार सभासदही विरोधात गेले. गरिबाला मुलाच्या हाताची गरज असते, तो मुलाला शाळेत कसा धाडील, ही हरकत त्या चर्चेत होती, आणि मी तिच्यापाशी थांबते, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षे ऊसतोड कामगारांच्या गावांत गेली. दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागत. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असे, मजुरीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता धरला जाई, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाई. हजेरीपत्रकावर तिचे नाव एप्रिलपर्यंत तसेच राही. हंगामी वसतिगृह झाले, गावात राहणाऱ्या आजीकडे पोर ठेवायची सोय झाली, तर ती मुलगी शाळेत टिके. नुसत्या नोटिशीने कधीच टिकत नसे. त्यामुळे ती हरकत खोटी नव्हती हे मला ठाऊक आहे. पण गरिबाची गरज पुढे करून कायदा अडवणारे लोक ती गरज भागवण्यासाठी काहीच पुढे ठेवत नव्हते. फी माफ करा, दोन तृतीयांश पैसा सरकारने द्या, असे लिहून आणणारा माणूस त्या सभागृहात एकच होता.

विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पडणार हे गोखल्यांना माहीत होते आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, यशातून सेवा करण्याचे भाग्य ज्यांना लाभेल ते स्त्रीपुरुष मागून येतील, असे ते म्हणाले. आणि आज फेटाळलेले हे विधेयक पुन्हा पुन्हा येत राहील, असेही म्हणाले. त्यानंतरही ते थांबले नाहीत. सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीचा आयोग, इंग्लंडच्या फेऱ्या, दक्षिण आफ्रिका हे सगळे या पराभवानंतरचे आहे. मधल्या काळात सरकारने 'सर' हा किताब देऊ केला तो त्यांनी नाकारला. गांधीजी १९१५ च्या जानेवारीत परतले तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी तीच अट घातली: एक वर्ष देश पाहा, कान उघडे ठेवा आणि जाहीर मत देऊ नका. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते पुण्यात वारले. गांधीजींनी ती अट त्यांच्या माघारी पाळली.

विधेयक खरोखरच परत परत आले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तो अधिकार मिळाला. राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली आणि ती टळून गेली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा गोखल्यांच्या पराभवाला ९८ वर्षे झाली होती. त्या कायद्याने शाळेत येण्याचा हक्क दिला, आणि आमच्या गावांतून मुलींची नावे पटावर चढली याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. आता दर मार्चमध्ये मुंबईत अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होते, तेव्हा कोणा आमदाराने उठून इतकेच विचारावे अशी माझी फार इच्छा आहे: ऊसतोडीच्या तालुक्यांत पटावर असलेल्या मुलांपैकी किती मुले गेल्या हंगामात डिसेंबर ते मार्च प्रत्यक्ष वर्गात बसली, त्यांच्या हंगामी वसतिगृहांसाठी किती रक्कम मंजूर झाली, त्यातली खर्च किती झाली, आणि कोणत्या महिन्यात झाली. उत्तर तालुकावार मिळावे, आणि ते मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.